लम्पीवर प्रबंध करायचाय? आधी कोठ्यात बसायला शिका

एमव्हीएससीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश झाला की मायक्रोबायोलॉजीच्या ज्युनिअरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, प्रायमर कोणते मागवू?" माझं उत्तरही ठरलेलं. प्रायमर, म्हणजे पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, येतील सावकाश. तू कोणत्या तालुक्यात, कोणाच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जाणार आहेस ते आधी सांग. मी आर्वी तालुक्यातली. घरी गवळाऊ जातीची बैलजोडी, शिकले नागपूरला, आणि आता पीएच.डी.साठी वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या गावांतून जनावरांचं रक्त, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) आणि खपल्या गोळा करत फिरते. पीसीआर, म्हणजे नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधायची चाचणी, कशी लावायची हे लॅबमधला कोणताही सिनिअर दुपारभरात शिकवतो. जनावराजवळ उभं राहून काय विचारायचं, काय लिहायचं आणि काय कोणत्या नळीत घालायचं, हे मात्र कुठल्या प्रोटोकॉलमध्ये नीट सापडत नाही. म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण लम्पीचं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाचं घेते. खुरकूत, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा रोग), ब्रुसेला (गाई गाभडवणारा जंतू) यांपैकी कशावर काम असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

विषय ठरवताना

"विदर्भातील लम्पी त्वचारोगाचा अभ्यास" हा विषय नव्हे, ते पाटीवरचं नाव आहे. प्रश्न विचारा. लस टोचलेल्या गाईच्या वासराला चिकातून मिळालेलं संरक्षण किती महिने टिकतं? कठाणी, म्हणजे इथली देशी, आणि संकरित जनावरं एकाच आखरावर (गावची गुरं जमतात त्या जागी) उभी राहतात, मग गाठींचं प्रमाण सारखं असतं का? असा एका वाक्यात मावणारा प्रश्न हाती आला, की गाइडसमोर बसायला धीर येतो.

एमव्हीएससी दोन वर्षांची. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि सायनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, जातं. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांवाटे पसरतो, म्हणजे आपल्याकडे त्याचा जोर पावसाळा आणि त्यानंतरचे एक-दोन महिने. थोडक्यात, तुमच्या हाती एकच मोसम असतो. त्या मोसमात तुमच्या तालुक्यात साथ आलीच नाही तर? कास्तकारांसाठी ती चांगली बातमी, तुमचा थीसिस मात्र लटकला. म्हणून सायनॉप्सिसमध्ये एक उद्दिष्ट साथीवर अवलंबून नसलेलं ठेवाच. सीरमचं काम कधीही करता येतं. विषाणू वेगळा काढायचं काम आजारी जनावर मिळालं तरच.

नमुने किती घ्यायचे यावर कमिटीत हमखास अडवतात. प्रादुर्भावाचा काहीच अंदाज नसेल तर ५० टक्के धरतात. ९५ टक्के विश्वास आणि ५ टक्के अचूकता घेतली की आकडा ३८४ येतो. हा ३८४ निम्म्या थीसिसांत छापलेला असतो आणि त्यामागचं गृहीतक क्वचितच लिहिलेलं असतं. तो आकडा सुटी सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली जनावरं धरून काढलेला आहे. एका आखरावरची ढोरं एकमेकांशी संबंध नसलेली कशी असतील? त्याच माश्या, तोच नाला, तोच ढोरकी म्हणजे गुराखी. म्हणून एकाच गावातून शंभर नमुने घेण्यापेक्षा दहा गावांतून दहा-दहा घ्या, आणि समूहाचा परिणाम धरून आकडा वाढवा. उलट, कळपात रोग आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर काम थोडक्यात भागतं: मोठ्या कळपात किमान १० टक्के जनावरं बाधित असतील असं धरलं, तर २९ जनावरं तपासून त्यातलं निदान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. तुमचा प्रश्न कोणता, त्यावर आकडा ठरतो.

कागदं

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी सायनॉप्सिससोबतच टाका, नंतर नको. जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांच्या नावे विभागप्रमुखांचं पत्र घ्या आणि त्याची प्रत त्या त्या दवाखान्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्या. मेल केला म्हणजे कळवलं असं खेड्यात होत नाही. मालकाचं संमतिपत्र मराठीत, एका पानात, मोठ्या टायपात हवं. त्यात "जनावराच्या मानेतून दहा मिलीलिटर रक्त काढणार" असं सरळ लिहा.

लम्पी २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली येतो. संशयित जनावर दिसलं की आधी दवाखान्याला कळवायचं, मग सँपलचा विचार. यात गावकऱ्यांची एक अडचण असते, ती समजून घ्या. २०२२ साली राज्यात गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. ज्याला बैल विकून पोरीचं लग्न काढायचं होतं त्याचं वर्ष बुडालं. म्हणून "आमच्या ढोराले काई नाई झालं" हे उत्तर पहिल्यांदा येणारच. त्याच्यावर चिडू नका आणि विश्वासही ठेवू नका. चहा घ्या, कोठ्यात नजर फिरवा.

कधी जायचं

ढोरं आखरावर जायच्या आत पोचायचं, म्हणजे उजाडताना. नंतर गेलात तर कोठा रिकामा आणि मालक वावरात. पेरणीच्या आठवड्यात जाऊ नका, बैल कामावर असतात. सोयाबीन सवंगायला, म्हणजे कापायला, आलं की घरात म्हातारी माणसं तेवढी सापडतात. माहिती घ्यायला ती उत्तम, पण बैल धरायला कोणी नसतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला कोणी सुई लावू देणार नाही, आणि तशी मागणीही करू नये.

सोबत पशुधन पर्यवेक्षक असले तर दार लवकर उघडतं. फक्त एक ध्यानात ठेवा: ज्यांनी लस टोचली तेच शेजारी उभे असतील, तर लसीबद्दलची तक्रार मालक बोलून दाखवणार नाही. तो प्रश्न एकट्याने विचारा.

तक्रार बहुतेक एकच असते. "सुई मारली अन् मंगच गाठी आल्या ना पोरी." याला "असं होत नाही" म्हणून उडवून लावू नका. होतं. साथ सुरू झाल्यावर लसीकरण झालं, तेव्हा काही जनावरांच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला होता. लक्षणं दिसायला साधारण ४ ते १४ दिवस लागतात, लसीचं पूर्ण संरक्षण यायला तीनेक आठवडे. मधल्या काळात गाठी उठल्या की दोष सुईला. शिवाय एकच सुई पुढच्या जनावराला वापरली गेली असेल, तर तिनेही रोग पुढे गेला असू शकतो. म्हणून प्रत्येक जनावराला नवी सुई, आणि ती मालकासमोर पाकिटातून काढायची. हे सगळं समजावून सांगितलं की माणूस ऐकतो. आणि गाठी आल्याची नेमकी वेळही सांगतो, जी तुम्हाला हवीच असते.

लसीची तारीख

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवावा.

खुरकूतीची लस मृत विषाणूची असते. ती शुद्ध करताना विषाणूची असंरचनात्मक प्रथिनं, म्हणजे विषाणू वाढताना तयार होणारी पण त्याच्या अंगाचा भाग नसलेली, बाजूला काढलेली असतात. त्यामुळे ३एबीसी एलायझा ही सीरमची चाचणी करून सांगता येतं, की या जनावराच्या अंगातली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीराने केलेली प्रथिनं) लसीची की खऱ्या संसर्गाची. लम्पीत ती सोय नाही. लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची. प्रतिपिंडं लसीनेही तशीच येतात आणि रोगानेही. सीरमचा निकाल पॉझिटिव्ह आला तर तो लस कधी टोचली हे कळल्याशिवाय निव्वळ आकडा आहे. त्यातही कोणती लस? हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) यांनी रांचीच्या विषाणूपासून केलेली लम्पी-प्रोव्हॅकइंड १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. पण त्या मोसमात गावोगाव टोचली ती शेळ्यांच्या देवीची, म्हणजे गोट पॉक्सची लस. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू कॅप्रिपॉक्स कुळातले सख्खे भाऊ. सर्वसाधारण कॅप्रिपॉक्स पीसीआर तिघांनाही पकडतो. नुकत्याच टोचलेल्या जागेवरची गाठ घेतलीत, तर कदाचित लसीचाच विषाणू शोधून आणाल. तेव्हा तिघांना वेगळं ओळखणारा पीसीआर योजनेत ठेवा.

हा पेच जुना आहे. आमच्या गावातले म्हातारे अजून बुळकांडीची नावं काढतात: एका पावसाळ्यात कोठे रिकामे करणारा रोग. १८८९ साली पुण्यात जी इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आज आयव्हीआरआय म्हणून ओळखली जाते, तिचं सुरुवातीचं मोठं काम बुळकांडीवरचंच. लस उत्तम होती, एका टोचणीत जन्मभराचं संरक्षण. पण लसीची आणि रोगाची प्रतिपिंडं वेगळी ओळखता येत नसल्यामुळे, रोग संपला हे सिद्ध करायला आधी लसीकरण थांबवावं लागलं. लस थांबवून, डोळ्यात तेल घालून पाहत राहायचं! २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये सगळं जग. लम्पीवर काम करणाऱ्याने हे प्रकरण वाचलेलं असावं, असं माझं मत आहे. व्हायव्हात विचारतात म्हणून नव्हे.

तर तारीख. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो, त्यावरून भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद निघते. पण बिल्ले तुटतात, कान फाटतात, आणि नोंद ज्या दिवशी भरली तो दिवस टोचल्याचाच असेल असं नाही. म्हणून घरात विचारायचंच. कोणाला? माझा अनुभव असा, की मालकाला बैलाचं आठवतं आणि घरातल्या बाईला गाई-वासराचं. गाय कधी व्याली, कधी आटली, वासराने चीक पिला की नाही, हे ती न अडखळता सांगते. वासराच्या मातृ-प्रतिपिंडांवर काम असेल तर चिकाचा प्रश्न तिलाच विचारा.

उत्तर इंग्रजी तारखेत येत नाही. "पोळ्याच्या आधी", "दिवाळीचा कापूस वेचत होतो तवा", "महालक्ष्म्या बसल्या त्या आठवड्यात". हे जसंच्या तसं वहीत लिहा, मग शेजारी तारीख काढा. घाईत "पोळा म्हणजे ऑगस्टअखेर" असं धरू नका. २०२२ चा पोळा २६ ऑगस्टला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे तो १४ सप्टेंबरला गेला. प्रतिपिंडांच्या वक्रात तीन आठवडे म्हणजे लस लागू झाली की नाही एवढा फरक. मी मागच्या तीन-चार वर्षांचे कालनिर्णय बॅगेत ठेवते. लोक हसतात, पण कॅलेंडर हातात दिलं की स्वतःच पानं उलटून दिवस दाखवतात.

ज्यांचं जनावर दगावलं त्यांच्याकडे कागद असतो. २०२२ च्या साथीत राज्याने दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत दिली. त्यासाठी पंचनामा झाला आणि त्यावर तारीख आहे. कागद मागताना मात्र जपून. बैल गेल्याची गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायची तयारी असेल तरच मागा.

नळीत काय घालायचं

ताप असलेल्या, नुकत्या गाठी उठलेल्या जनावराचं रक्त घ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. विषाणू रक्तात थोडेच दिवस राहतो. आजार सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील तर रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह येऊन तुम्हाला फसवेल. गाठीत आणि खपलीत तो खूप चिवट असतो, वाळलेल्या खपलीत महिनाभरसुद्धा टिकतो. त्यामुळे उशिरा पोचलात तर खपलीच घ्या. गाठ कापायची असेल तर आधी भूल द्या आणि ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावं. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी पीसीआरला नको. हेपॅरिन पीसीआर अडवतं. ऊतीचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला) फॉर्मलिनमध्ये आणि विषाणूसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये. फॉर्मलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून विषाणू वाढणार नाही.

सीरमसाठी लाल झाकण. या नळीला लगेच बर्फात कोंबू नका. सावलीत तिरपी ठेवा, गुठळी बसू द्या, मग थंड करा. गरम नळी बर्फाला चिकटली की पेशी फुटतात आणि सीरम रूहअफजासारखं लाल होतं. असं सीरम एलायझात गोंधळ घालतं. ईडीटीए रक्त गोठवायचं नाही, फक्त गार ठेवायचं.

नळीवर कागदी लेबल चिकटवू नका, बर्फाच्या पाण्यात ते सुटतं. न पुसणाऱ्या पेनाने थेट नळीवर क्रमांक, आणि तोच क्रमांक वहीत बिल्ला, मालक, गाव, वय, वेत, लस, पहिल्या गाठीचा दिवस यांच्यासमोर. वही पेन्सिलीने लिहा. पावसात शाई पसरते.

आता स्वतःच्या जिवाचं. लम्पी माणसाला होत नाही, हे मालकांनाही सांगा. पण तुम्ही लम्पी शोधायला गेलात म्हणून कोठ्यात फक्त लम्पीच असेल असं नाही. लाळ गाळणारी गाय दिसली की खुरकूत समजून तोंडात हात घालू नका, ती पिसाळलेलीही असू शकते. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय फील्डला निघू नये, आणि याबाबत मी कोणाचीही सबब ऐकत नाही. गाभडलेल्या गाईचा जार उघड्या हाताने उचलू नका. ब्रुसेला माणसाला वर्षानुवर्षं त्रास देतो. आणि एखादं ढोर अचानक मेलेलं, नाका-गुदातून न गोठलेलं रक्त येतंय, अंग ताठलेलं नाही, असं दिसलं तर ते फाडायचं नाही, फाडू द्यायचं नाही. अँथ्रॅक्स नाही हे कानाच्या शिरेतल्या रक्ताच्या काचपट्टीवरून ठरेपर्यंत थांबायचं.

नागपूरपर्यंत

नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि घट्ट झाकणाचा डबा, मग बाहेरची पेटी: तीन थर. पेटीवर विभागाचा पत्ता आणि फोन. आत जेल पॅक आणि एक किमान-कमाल थर्मामीटर. २ ते ८ अंशांत प्रवास झाला की नाही हे पोचल्यावर अंदाजाने सांगायचं नसतं, वाचायचं असतं. पेटी एसटीच्या डिकीत कधी टाकू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना डिकी म्हणजे भट्टी. शक्य तर विभागाची गाडी मागा. मिळाली नाही तर त्या दिवशीची गावं कमी करा, पण नमुने त्याच दिवशी पोचवा. तालुक्याच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायचे असतील तर वीज किती वेळ जाते ते आधी विचारून घ्या.

पोचल्यावर दमलेलं असलात तरी सीरम त्याच संध्याकाळी वेगळं काढा आणि दोन-तीन लहान नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवा. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली-गोठवली की प्रतिपिंडांचा अंदाज चुकतो. पीसीआरचं मिश्रण बनवायची खोली आणि डीएनए घालायची खोली वेगळी. प्रत्येक खेपेला निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे विषाणू नसलेला नमुना, डीएनए काढण्याच्या पायरीपासून चालवा, शेवटी पाण्याची नळी घातली म्हणजे झालं असं नाही. पेशींत विषाणू वाढवायचा असेल तर धीर धरा. पहिल्या पॅसेजला (पेशींतल्या वाढीच्या पहिल्या फेरीला) काहीच दिसत नाही म्हणून फ्लास्क फेकू नका, आंधळे पॅसेज द्या, म्हणजे काही दिसत नसलं तरी तेच नव्या पेशींवर घालत राहा. बाकी लॅबचं तुम्हाला तिथले सिनिअर सांगतील.

निकाल परत नेताना

निकाल आल्यावर गावात परत जायचं. हे कोणत्याही नियमात नाही, आणि म्हणूनच बहुतेक जण जात नाहीत. पुढच्या वर्षी त्याच गावात तुमचा ज्युनिअर गेला की "मांगच्या वर्षी रगत नेलं, काई सांगतलं नाई" हे त्याला ऐकावं लागतं. पण जे सांगायचं ते आधी पशुधन विकास अधिकाऱ्यांना, मग मालकाला. उलटं झालं तर गावात अफवा आधी पोचते.

मालकाला सीटी व्हॅल्यू, म्हणजे पीसीआरचा आकडा, सांगू नका. दूध उकळून प्यायला हरकत नाही, आजारी जनावर वेगळं बांधा, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करा, बरं झालेलं जनावर पुढच्या लसीकरणाच्या वेळी दाखवा. एवढं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून, बिल्ल्याच्या क्रमांकासह द्या. वासराच्या लसीचं विचारतीलच: गाईला लस टोचलेली असेल किंवा रोग होऊन गेला असेल तर वासरू चार महिन्यांचं झाल्यावर, नाहीतर आधीही चालते, तारीख दवाखान्यात ठरवून घ्या.

उरलेलं सीरम फेकू नका. क्रमांक, वहीतली पानं आणि फ्रीजरचा कप्पा यांचं एक रजिस्टर करून ते विभागाकडे सही घेऊन सोपवा. तुमच्यानंतरचा विद्यार्थी याच जनावरांचं रक्त पुन्हा घेईल, तेव्हा तुलनेला त्याला जुना नमुना लागेल, आणि तुमच्या वहीतला "पोळ्याच्या आधी" हा शब्दही.